ऑनलाइन मीटिंगमध्ये माणसं बोलती कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऑफिस, बारा जणांची टीम. सहाजण ऑफिसात बसतात, बाकीचे पुण्यातून आणि बेंगळुरूतून, एकजण गडहिंग्लजच्या घरून. आठवड्याला एक तासाची मीटिंग होते, त्यात कॅमेरे बंद, माइक बंद. तासभर तुम्ही एकटेच बोलता आणि शेवटी ‘कुणाला काही शंका?’ म्हटलं की सगळं चिडीचूप. क्विझ, खेळ लावून पाहिलेत, दोन आठवड्यांत त्यातलीही हवा गेली. आता कॅमेरा सक्तीचा करावा का, असं तुम्ही विचारताय.

नको. कॅमेरा सक्तीचा केलात तर बारा चेहरे दिसतील आणि बोलणारे तरीही तुम्ही एकटेच राहाल. तुमची माणसं कंटाळलीत किंवा त्यांना कामाची आस्था नाही, असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्यांना बोलायला जागाच सापडत नाही. समोरासमोर बसलं की ती आपसूक मिळते. ऑनलाइन ती मीटिंग चालवणाऱ्यानं आखून द्यावी लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्र्या (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने), पुण्यातले डिझायनर आणि जर्मनीतले ग्राहक यांना एका स्क्रीनवर आणून कामं मार्गी लावणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. त्यावरून सांगतो.

आधी गप्प बसण्याचं कारण बघू, म्हणजे उपाय पटतील. गप्पांमध्ये एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढ्या वेळात आपण समोरच्याची नजर, श्वास, आवाजाची उतरण ओळखून बरोबर आत शिरतो. इंटरनेटवरून मात्र आवाज पोचायलाच वेळ लागतो. एका बाजूनं जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सुरळीत चालतं, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकात धरलेलं आहे. भर पावसाळ्यात खेड्यातल्या मोबाइल नेटवर हा आकडा सहज ओलांडला जातो. मग दोघं एकदम बोलतात आणि दोघंही थांबतात. ‘बोला, बोला.’ ‘नाही सर, तुम्ही बोला.’ असं दोनदा झालं की भिडस्त माणूस माइक बंद करून ठेवतो, तो पुन्हा उघडत नाही. त्यात बोलायचं म्हणजे आधी बटण दाबा, आवाज जातोय का ते विचारा. तोवर विषय पुढं गेलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, पाळी द्या. नाव घेऊन द्या, आणि नाव आधी, प्रश्न मागून. ‘ताई, आता तुमच्याकडं येतोय. टेस्टिंगमध्ये परवा जे अडलं होतं, त्याचं पुढं काय झालं?’ प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी नाव घेतलं तर समोरचा दचकतो, कारण प्रश्न त्यानं अर्धवटच ऐकलेला असतो. नाव आधी आलं की त्याला सावरायला, माइक उघडायला दोन क्षण मिळतात. विचारल्यावर तुम्ही गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला खूप लांबल्यासारखी वाटेल, समोरच्याला तेवढा वेळ लागतोच.

पाळीचा क्रमही आधी ठरवा. सगळ्यात नवीन माणूस पहिला, साहेब सगळ्यात शेवटी. आपल्याकडं साहेबांचं मत एकदा कानावर पडलं की त्याच्या विरोधात कुणी जात नाही. मनात काहीही असलं तरी ‘बरोबर आहे सर’ एवढंच येतं. तुम्हाला खरं मत ऐकायचं असेल तर स्वतःचं मत राखून ठेवा. हे पाळणं अवघड जातं, विशेषतः ज्याला विषयातलं सगळ्यात जास्त कळतं त्याला. पण पुढं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी राहिल्या आणि एवढी एकच पाळलीत, तरी मीटिंग बदलेल.

प्रश्नही बदला. ‘काही शंका?’ आणि ‘समजलं का?’ यांचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी असं विचारा, ज्याचं उत्तर कामातूनच द्यावं लागेल: ‘उद्या सकाळी यातलं पहिलं काय हातात घेणार?’ किंवा ‘ही तारीख हुकली तर कशामुळं हुकेल?’ हा दुसरा प्रश्न मी जवळपास प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतो. त्याचं उत्तर म्हणजे एरवी चहाच्या टपरीवर बोलल्या जाणाऱ्या अडचणी असतात.

बोलण्याला जोड द्यायची ती लिहिण्याची. १९८७ साली डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की गटात बसून तोंडी कल्पना सुचवताना माणसं जेवढ्या सुचवतात, त्यापेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसली तर मिळून जास्त सुचवतात. मोठं कारण म्हणजे एकजण बोलत असताना बाकीचे अडून राहतात. आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं निसटतं किंवा बोलावंसं वाटेनासं होतं. ऑनलाइन हे अडणं आणखी वाढतं, पण त्यावरचा उपायही ऑनलाइनच सोपा आहे. प्रश्न विचारायचा, सगळ्यांना दोन मिनिटं द्यायची, प्रत्येकानं चॅटमध्ये उत्तर टाइप करायचं पण ‘पाठवा’ दाबायचं नाही. तुम्ही ‘आता’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. कुणाचं बघून कुणी लिहीत नाही. ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांना मोबाइलवर बोलून मराठी टाइप करायला सांगा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तरी चालेल, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही, हेही सांगा.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका मीटिंगवरून सांगतो. एका फौंड्रीत पंपाच्या हाउसिंगच्या कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूमुळं पडणाऱ्या पोकळ्या, यायला लागले होते, रिजेक्शन वाढलं होतं. अशा वेळी नेहमीची रीत म्हणजे मॅनेजरनं स्लाइड दाखवत वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. आम्ही आदल्या संध्याकाळी कापलेल्या कास्टिंगचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. मीटिंगची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी शांतपणे तेच फोटो आणि एक पानी माहिती बघितली. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ पासून स्लाइडऐवजी लेखी टिपण ठेवून मीटिंगच्या सुरुवातीला ते मुकाट्यानं वाचायची पद्धत आहे, त्याचंच हे छोटं रूप. ‘वाचून या’ म्हटलं की निम्मे वाचून येत नाहीत. सगळ्यांसमोर वाचायला वेळ दिला की सगळे वाचतात. मग प्रत्येकानं सगळ्यांना दिसणाऱ्या ऑनलाइन शीटमध्ये आपापल्या ओळीत एक संभाव्य कारण लिहायचं. डिझाइनच्या मुलीनं गेटिंगबद्दल (साच्यात धातू शिरायच्या वाटांबद्दल) लिहिलं, मेल्टिंगवाल्यांनी तापमानाबद्दल. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा; तो बनतो त्या कोअर शॉपचे सुपरवायझर शेडमधून मोबाइलवर जोडलेले होते. एरवी मीटिंगभर त्यांचा माइक बंदच असायचा. त्यांनी दोनच शब्द लिहिले होते: ‘कोअर ओली.’

‘दादा, कोअर ओली कशावरून म्हणताय?’

‘चार दिस रॅकवर पडून हुती सर. पावसाचं वलं धरलंय तिनं. हात लावला की वाळू सुटत्या.’

कोअरमध्ये ओल राहिली की तापलेला धातू लागल्यावर तिची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगमध्ये पोकळी करून बसते. हे मीटिंगमधल्या प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक होतं. कोअर चार दिवस पडून होती, हे मात्र एकट्या दादांना ठाऊक होतं. पुढच्या दहा मिनिटांत ठरलं की पडून राहिलेल्या कोअर ओव्हनमध्ये पुन्हा वाळवून मगच लावायच्या, रॅकवर तारीख लिहायची, आणि डिझाइनकडून कोअर प्रिंटला (कोअर साच्यात टेकते त्या जागी) जादा व्हेंट, म्हणजे वाफेला वाट, काढून बघायचा. लिहायला सांगितलं नसतं तर ते दोन शब्द त्या दिवशी मीटिंगमध्ये आलेच नसते. तुमच्या टीममध्ये फौंड्री नाही, पण असे दादा नक्की आहेत. मला वाटतं, तुमच्या गडहिंग्लजच्या माणसाकडं लक्ष द्या.

आता तुमच्या टीमची खरी गोम. सहाजण एका खोलीत आणि सहाजण बाहेर, ही सगळ्यात अवघड मांडणी आहे. खोलीतले एकमेकांकडं बघून बोलतात, हसतात, हळू आवाजात शेरा मारतात. बाहेरच्यांना टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपमधून अर्धंमुर्धं ऐकू येतं. थोड्या वेळानं ते ऐकायचं सोडून देतात आणि दुसरं काम उघडतात. ऑफिसातल्या सहाही जणांनी आपापल्या टेबलावरून, आपापल्या हेडफोननं जोडून घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. एका छताखाली असून वेगळं बसायचं, याला सुरुवातीला सगळे नाकं मुरडतात. पण मग सगळे सारख्या पातळीवर येतात. खोलीतच बसायचं असेल तर एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर चालू ठेवा आणि बाकीच्या लॅपटॉपवर ऑडिओ जोडूच नका, नाहीतर शिट्टीसारखा आवाज घुमतो. खोलीतल्या एकाकडं फक्त बाहेरच्यांवर लक्ष ठेवायचं काम द्या: हात कुणी वर केलाय, चॅटमध्ये कुणी काय लिहिलंय. आणि प्रत्येक मुद्द्यावर पाळी बाहेरच्यांपासून सुरू करा.

आवाजावर खर्च करा, चित्रावर नंतर. झूमच्याच सांगण्यानुसार नुसत्या आवाजाला नेटचा ६० ते ८० केबीपीएस वेग पुरतो, गटाच्या चांगल्या व्हिडिओला १ एमबीपीएसच्या (साधारण १००० केबीपीएसच्या) आसपास लागतो. म्हणजे नेट रडायला लागलं की व्हिडिओ बंद करणं हाच शहाणपणा, आणि तसं करायची मोकळीक सगळ्यांना आधीच देऊन ठेवा. साधा वायरवाला इअरफोन चांगला. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनचा आवाज घोगरा होतो, कारण ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकदम सांभाळताना ते हलक्या दर्जाच्या आवाजावर उतरतात. वळवाच्या पावसात वीज जाणार हे धरून चाला; राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, कंपनीनं तो घरून काम करणाऱ्यांना घेऊन द्यावा. आणि मीटिंग चालवणारा दुसरा माणूस नेहमी ठरलेला असावा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, माणसं जिथल्या तिथं अडकली, आणि कुणाचं नेट कधी जाईल याचा नेम नव्हता. त्या दिवसांत ज्या टीमकडं ‘मी कॉलमधून तुटलो तर पुढं तू चालव, नेटच गेलं तर साध्या फोनवर कॉन्फरन्स’ असा नियम होता, त्यांचं काम चालू राहिलं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका चौकटीत जखडून बसणं, आणि हावभाव कळण्या-कळवण्यासाठी पडणारा जादा ताण. त्याच वर्षी १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या एका प्रयोगात दिसलं की कॅमेरा चालू ठेवण्यानं थकवा वाढतो, थकव्यानं सहभाग कमी होतो, आणि हा त्रास स्त्रियांना व नव्यानं रुजू झालेल्यांना जास्त होतो. म्हणजे ज्यांना तुम्हाला बोलतं करायचंय, नेमकी तीच माणसं सक्तीनं आणखी गप्प होतात. शिवाय घराचा विचार करा. दोन खोल्यांचं घर, मागं सासूबाई भाजी निवडतायत, मुलाची शाळेची गडबड. तिथं कॅमेरा लाव म्हणणं म्हणजे सगळ्या ऑफिसाला घरात आणून बसवणं. मी असं करतो: सुरुवातीच्या गप्पांना ज्याला जमेल त्यानं कॅमेरा लावावा, काम सुरू झालं की ऐच्छिक. नवीन माणसाची ओळख असेल किंवा काही नाजूक बोलायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून सगळ्यांनी लावावा. आणि स्वतःचं चित्र स्वतःला न दिसण्याची सोय झूममध्ये आणि गुगल मीटमध्ये आहे, ती सगळ्यांना शिकवा. लगेच फरक पडतो.

खेळ आणि क्विझ बंद केलेत तरी चालेल. सुरुवातीची तीन-चार मिनिटं मोकळी सोडा, तेवढं पुरतं. शाहू स्टेडियमवरची मॅच, पंचगंगेची पातळी, कुणाच्या गावची यात्रा यावर माणसं आपणहून बोलतात, कारण त्यात त्यांना रस असतो. बेंगळुरूच्या माणसाला त्यातलं कळत नसेल तर त्याच्याकडच्या गोष्टी विचारा.

भाषेचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण मला तो कॅमेऱ्यापेक्षा मोठा वाटतो. कोल्हापुरातली कितीतरी हुशार मुलं मीटिंग इंग्रजीत आहे एवढ्याच कारणानं गप्प असतात. टीमची अंतर्गत मीटिंग सगळ्यांना कळेल अशा भाषेत घ्या. मराठी-हिंदीची सरमिसळ झाली तरी हरकत नाही, तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही. ग्राहकाबरोबर इंग्रजीच असेल तर त्याआधी पंधरा मिनिटं मराठीत बसा. कोणता मुद्दा कोण मांडणार, ग्राहकानं अमुक विचारलं तर उत्तर कोण देणार, हे वाटून घ्या. ज्यानं काम केलं त्याला निदान दोन वाक्यं स्वतः बोलायला लावा. ती दोन वाक्यं आधी म्हणून घेतलेली असली तरी पुढच्या खेपेला तो चार बोलतो.

वेळेचं थोडक्यात. एक तास लांब आहे. कामाची नुसती खबर द्यायची असेल तर ती ग्रुपवर लिहून येऊ दे, मीटिंगमध्ये फक्त अडलेलं आणि ठरवायचं असलेलंच आणा. तुमचा तास पंचवीस-तीस मिनिटांवर येईल. गुगल कॅलेंडरमध्ये तीस मिनिटांची मीटिंग आपोआप पंचवीसची आणि साठची पन्नासची करायची सेटिंग आहे, ती लावून टाका. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये १४ जणांच्या मेंदूतल्या लहरी मोजून पाहिल्या. मधे विश्रांती न घेता एकामागोमाग मीटिंगा केल्या की ताण साठत जातो आणि दहा मिनिटांची विश्रांती मिळाली की तो उतरतो, असं त्यात दिसलं. परदेशी ग्राहक असेल तर आणखी एक बघा. आपली घड्याळं वर्षभर तीच असतात, युरोपची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. जर्मनीशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार तासांचा. दुपारी दीडची वेळ ठेवलीत तर त्यांच्याकडं उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात, दोन्हीकडं चालून जातं. आमच्या बऱ्याच कारखान्यांना सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यांच्याकडं शनिवार-रविवार. त्यामुळं मंगळवार ते शुक्रवार एवढेच दिवस हातात उरतात. असे दिवस तुमच्याही टीमचे काढून ठेवा.

शेवटची पाच मिनिटं कुणालाही खाऊ देऊ नका. त्या वेळात जे ठरलं ते ज्याचं त्यानं स्वतः म्हणायचं: ‘मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत अमुक देतो.’ तुम्ही वाचून दाखवू नका. स्वतःच्या तोंडानं तारीख सांगताना माणूस विचार करून सांगतो, आणि जमणार नसेल तर तिथंच बोलतो. एकजण ते टिपून घेतो आणि तासाभराच्या आत ग्रुपवर टाकतो. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्याच यादीपासून. मागच्या वेळी आपण बोललो त्याचं काहीतरी झालं, हे दिसलं की माणसं पुढच्या वेळी बोलतात. नाही दिसलं तर वर सांगितलेल्या कुठल्याही युक्तीचा उपयोग होत नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त नाव घेऊन पाळी आणि तुमचं मत शेवटी, एवढंच करा. मग लिहून उत्तरं घ्यायला सुरुवात करा. ऑफिसातल्या सहाजणांना वेगळं बसवायचं त्यानंतर काढा, कारण त्याला सगळ्यात जास्त विरोध होईल आणि तोवर बाहेरची माणसंच तुमच्या बाजूनं बोलायला लागलेली असतील. एवढं करूनही एखादा गप्पच राहिला तर मीटिंगमध्ये त्याला टोकू नका, दुसऱ्या दिवशी फोन करा आणि सरळ विचारा, ‘या मीटिंगमध्ये तुझ्या कामाचं काय असतं?’ काहीच नसतं असं त्यानं सांगितलं आणि ते खरं असेल, तर त्याला त्या मीटिंगमधून मोकळं करा आणि ठरलेल्याची यादी तेवढी पाठवत जा.